लेजर एका रात्रीत संपलं नाही

बँकांच्या संगणकीकरणावरच्या एका लेखात म्हटलंय की बँकेत संगणक आले आणि लेजरं, म्हणजे खात्यांच्या नोंदींच्या जाड वह्या, लगेच अडगळीत गेली. मी तेव्हा एका सरकारी बँकेच्या शाखेत बचत खात्यांच्या काउंटरवर होतो. तिथे असं झालं नाही.

बँकांच्या संगणकीकरणाबद्दलच्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर शाखांत आधी आली ती एएलपीएम, म्हणजे लेजर पोस्टिंगची यंत्रं. आमच्याकडे कित्येक महिने यंत्र आणि हाताचं लेजर दोन्ही समांतर चाललं. दिवसभराची व्हाउचरं दोनदा चढवायची आणि संध्याकाळी दोन्हीकडची शिल्लक जुळवायची. म्हणजे काम आधी वाढलं, मग कमी झालं.

कमी झालं ते सहामाही व्याजाचं, आणि त्याचं मोल बाहेरच्याला कळणं अवघड आहे. यंत्राआधी हे सगळं हाताने व्हायचं: प्रत्येक खात्याची दर महिन्याची १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक शोधायची, पेन्सिलीने प्रॉडक्ट, म्हणजे व्याजासाठी धरायचे आकडे, मांडायचे, व्याज काढायचं, मग सगळं जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या एकूण हिशोबाच्या वहीशी, जुळवायचं. फरक आला की आधी त्याला नवाने भागून बघायचं. भाग गेला तर कुठेतरी अंक उलटे लिहून ५४ चे ४५ झालेत, हा पहिला संशय. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत शोधाशोध चालायची.

यंत्रांना असलेल्या कर्मचारी संघटनांच्या विरोधाला लेखात 'आडमुठेपणा' म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. नोकऱ्या जाण्याची भीती खरी होती. वाटाघाटी करून, करार करूनच यंत्रं आली, म्हणून तर शाखेतल्या माणसांनी ती मनापासून शिकून घेतली.