भुरीची सॅक आणि शिंप्याची टेप

राजमाचीच्या वाटेवरचा, पाठीवर सामानाची सॅक घातलेल्या आमच्या कुत्रीचा, भुरीचा, फोटो टाकला तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "ती केशरी सॅक कुठली गं? लिंक दे ना." लिंक मी कुणालाच दिलेली नाही. राग मानू नका. ती सॅक भुरीच्या अंगाला बसते म्हणून चांगली आहे. तुमच्या लॅब्रेडॉरच्या किंवा बीगलच्या अंगावर तीच सॅक त्रासाची ठरू शकते. म्हणून लिंकच्या ऐवजी सगळं सविस्तर लिहितेय. पोस्ट लांबली आहे, पण कुत्र्याच्या पाठीवर काही ठेवायचं मनात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

भुरी आमची गावठी कुत्री. वय साडेचार, वजन १९ किलो. छाती खोल, पोट एकदम वर गेलेलं, कंबर मुठीत मावेल अशी. आपल्याकडच्या बऱ्याच गावठी कुत्र्यांची ठेवण अशीच असते. पहिली सॅक मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवली. मापाच्या तक्त्यात फक्त वजन दिलं होतं, भुरीचं वजन 'मीडियम'मध्ये बसत होतं, मी मीडियम घेतली. घरी घालून बघितली, फोटो काढले, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या रविवारी सिंहगड.

आतकरवाडीच्या वाटेने नेहमी भुरी पुढे आणि आम्ही मागे. ती वळणावर थांबते, मान वळवून बघते, आम्ही दिसलो की परत पुढे. त्या दिवशी अर्ध्या वाटेपासून ती माझ्या मागे चालायला लागली. मला वाटलं ऊन लागतंय. ताकाच्या टोपलीपाशी बसलो, तिला पाणी पाजलं, वर गेलो, खाली आलो. घरी येऊन सॅक काढली तर पुढच्या दोन्ही पायांच्या काखेत, कोपराच्या मागे, केस गेलेले आणि कातडी लाल. एका बाजूला तर ओलसर झालं होतं. साडेतीन तासांत ती एकदाही कण्हली नव्हती. मागे चालत राहणं एवढंच तिला सांगता येत होतं आणि ते मला कळलं नाही. डॉक्टरांनी मलम दिलं, दोन आठवडे कुठलाही पट्टा काखेतून जाऊ द्यायचा नाही म्हणाले. ते दोन आठवडे मी कुत्र्याच्या अंगाबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचत होते.

त्यातलं एक कळलं आणि सगळं डोक्यात नीट बसलं. आपला हात गळ्याजवळच्या हाडाने छातीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. कुत्र्याला ते हाड जवळजवळ नसतंच. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नाहीत, नुसत्या स्नायूंनी धरलेले आहेत. छाती दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते म्हणा ना. म्हणूनच पळताना त्याच्या खांद्याचं पातं इतकं मोकळं मागे-पुढे सरकतं. शिवाय उभं असताना अंगाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. आता विचार करा, सॅकचा छातीवरचा पट्टा जर खांद्याच्या पुढून आडवा जात असेल, तर कुत्रं पाऊल पुढे टाकेल तेव्हा प्रत्येक वेळी खांदा त्या पट्ट्याला अडणार. ते पाऊल आखूड टाकायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाण्यासारखं हळू चालतंय.

म्हणून सॅक घेताना पहिली बघायची ती छातीवरची रचना. पट्टे मानेच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी खाली येऊन छातीच्या मधल्या हाडावर एकत्र व्हावेत आणि तिथून पुढच्या पायांच्या मधून पोटाखाली जावेत. समोरून बघितलं तर इंग्रजी वाय दिसला पाहिजे. खांद्याची सांधी दोन्हीकडे उघडी. गळ्यावर काही नको.

माप घ्यायला शिंप्याकडची टेप घ्या, कडक फूटपट्टी किंवा सुतळी नको. पुढच्या पायांच्या मागे बरगड्या जिथे सर्वांत रुंद आहेत तिथला घेर मोजायचा, कुत्रं चारी पायांवर सरळ उभं असताना. बसलेल्या कुत्र्याचं माप चुकतं. भुरीचा घेर ६४ सेंटिमीटर आहे. तिच्याच वजनाचा आमच्या सोसायटीतला एक बीगल आहे, त्याचा ७० भरला. वजन सारखं, अंग वेगळं! ज्या तक्त्यात फक्त वजन किंवा फक्त जात लिहिलेली असते तो मी आता बघतसुद्धा नाही.

घेराच्या जोडीला आणखी एक माप घ्या, ते तक्त्यात नसलं तरी. खांद्याच्या पात्याच्या मागच्या कडेपासून शेवटच्या बरगडीपर्यंतची लांबी. सॅकच्या दोन्ही पिशव्या तेवढ्यातच मावल्या पाहिजेत आणि वजन त्यातही पुढच्या भागात, खांद्यालगत पडलं पाहिजे. शेवटच्या बरगडीच्या मागे पाठीला खालून आधार नाही, तिथे नुसता कणा आणि पोट. भुरीची पहिली सॅक त्या हद्दीच्या चार बोटं मागे जात होती. पोटाचा मागचा पट्टा तिच्या वर गेलेल्या पोटावर घसरायचा, त्याच्याबरोबर सगळी सॅक मागे सरकायची आणि पुढचा पट्टा काखेत रुतायचा. काखेतली जखम खरं तर कमरेच्या पट्ट्यामुळे झाली होती. बारीक कमरेच्या कुत्र्यांना हा धोका कायम असतो, म्हणून मागचा पट्टाही बरगड्यांवरच बसतो ना, ते बघायचं.

हे मला पुस्तकातून अर्धं कळलं आणि उरलेलं एका धनगर मावशींकडून. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारी बिऱ्हाडं भोरच्या बाजूला भेटतात. आम्ही भुरीला घेऊन मेंढरांच्या एका वाड्याजवळ थांबलो होतो, म्हणजे लांब, त्यांच्या कुत्र्यांपासून अंतर राखून. मावशी घोड्यावर बिऱ्हाड लादत होत्या. आधी घोंगड्याची जाड घडी, त्यावर दोन्हीकडे सारखं ओझं, एका बाजूला भांडी चढवली की दुसऱ्या बाजूला तेवढंच काहीतरी. दर खेपेला हाताने तोलून बघत होत्या. मग त्यांचं लक्ष भुरीकडे गेलं. जवळ आल्या, सॅकखाली तळहात सपाट घातला आणि म्हणाल्या, "बाई, ह्ये कन्यावर बसतंय. वझं बरगडीनं धराया पायजे, कन्याला वारा लागू द्यावा." पिढ्यान्‌पिढ्या जनावरावर सामान लादून डोंगर उतरणाऱ्या बाईचा हात होता तो. तेव्हापासून मी कुठलीही सॅक घेताना तेच करते: भरून, पट्टे आवळून, मधोमध तळहात घालून बघते. कण्याच्या रेषेवर दाब लागला तर ती सॅक नको. चांगल्या सॅकमध्ये पाठीच्या मधोमध जाड मऊ अस्तर असतं किंवा जाळी असते आणि वजन दोन्ही बाजूंच्या बरगड्या घेतात.

पट्टे किती घट्ट? दोन बोटं सपाट आत जावीत, तिसरं जाऊ नये. आणि हे घरात तपासून पुरत नाही. वीस मिनिटं चालल्यावर केस दबतात, पट्टे सैल होतात, तेव्हा थांबून पुन्हा आवळायचे. कुत्र्याने अंग झाडलं की सॅक एका बाजूला फिरते का, तेही बघायचं.

आता वजन. कुत्र्याने स्वतःच्या वजनाच्या २५ टक्क्यांपर्यंत उचलायला हरकत नाही असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते सवय झालेल्या, दणकट, काम करणाऱ्या कुत्र्यांसाठी आणि थंड हवेत. सह्याद्रीत, आठवड्यातून एकदा डोंगर बघणाऱ्या घरच्या कुत्र्याला मी १० टक्क्यांच्या वर एक ग्रॅम देणार नाही, आणि सॅकचं स्वतःचं वजन त्यात धरून. भुरीला म्हणजे १ किलो ९०० ग्रॅम. रिकामी सॅक ६०० ग्रॅमची. उरले १३००. अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन पाण्याच्या पिशव्या झाल्या एक किलो, त्यावर थोडे भाजलेले चणे, घडीची वाटी, संपलं. पूर्वी मी कडक बाटल्या ठेवायचे. त्या बरगडीला टोचतात आणि अर्ध्या झाल्या की आत पाणी डुचमळतं, प्रत्येक पावलाला वजन हलतं. मऊ पिशवीतली हवा दाबून काढता येते. पाणी पाजताना एकदा डावीकडचं, एकदा उजवीकडचं. घरातून निघताना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या तोलते. ५० ग्रॅमचा फरकसुद्धा चढावर सॅक तिरकी करतो.

गाडीची किल्ली, फोन, औषधं तिच्या सॅकमध्ये ठेवू नका. वानर दिसलं की भुरी सॅकसकट गेलीच.

एवढं सगळं करूनही सॅक बसली की नाही हे ठरवायची माझी खरी कसोटी वेगळी आहे. मोकळ्या मैदानात कुत्र्याला आधी सॅकशिवाय चालवा आणि दुडक्या चालीने पळवा, बाजूने फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. मग रिकामी सॅक घालून तेच, मग भरून तेच. तिन्ही व्हिडिओ एकामागोमाग बघा. दुडक्या चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र पडतो. ओझं जड झालं किंवा काही टोचत असलं की पुष्कळ कुत्री एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकत डोलत चालायला लागतात. पाऊल आखूड होतं, डोकं खाली जातं. सिंहगडावरचा भुरीचा एक जुना व्हिडिओ मी नंतर काढून बघितला. तिची सगळी तक्रार त्यात स्पष्ट दिसत होती. दुकानात उभ्या कुत्र्यावर सॅक छान दिसते, कारण उभ्या कुत्र्याचा खांदा हलतच नाही.

सवयही हळूहळू लावायची. पहिला आठवडा घरात रिकामी सॅक, जेवणाच्या आधी दहा मिनिटं. मग चुरगाळलेले वर्तमानपत्राचे कागद भरून, म्हणजे वजन न वाढता अंग रुंद होतं आणि दारातून, खुर्च्यांमधून जाताना कुत्र्याला आपला नवा घेर कळतो. कारवीच्या गचपणातून जायचं तर हे फार उपयोगी पडतं. वजन सगळ्यांत शेवटी.

फोटोखाली एका ताईंनी लिहिलं होतं, "मुक्या जनावरावर ओझं कशाला?" प्रश्न रास्त आहे. कुत्र्याची हाडं साधारण वर्षाचं होईपर्यंत वाढत असतात, मोठ्या जातींची त्याहूनही उशिरापर्यंत. म्हणून दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याच्या पाठीवर काही नको, मोठ्या जातींच्या त्याहूनही उशिरापर्यंत. डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्याला कधीच नको. म्हाताऱ्या, जाड झालेल्या, खुब्याचं दुखणं असलेल्या कुत्र्याला नको. बाकीच्यांनाही आधी डॉक्टरांना दाखवून मगच. आणि संध्याकाळी डांबरी रस्त्यावर "दमवायला" म्हणून सॅकमध्ये वजन भरून कुत्र्याला फिरवणारे मी बघितलेत, त्यांना हात जोडून सांगते, ते बंद करा. त्याला आणखी चालवा, वास घेऊ द्या, खेळा त्याच्याशी.

पण निरोगी कुत्र्याने आपलं पाणी आपण वाहिलं तर त्यात मला क्रूरपणा दिसत नाही. माणसाने कुत्र्याकडून सामान वाहून घेणं फार जुनं आहे. उत्तर अमेरिकेच्या मैदानातले मूळ रहिवासी घोडे यायच्या आधी दोन लांब दांड्यांना ओझं बांधून ते कुत्र्यांकडून ओढवून घेत. दांड्यांची टोकं जमिनीवर टेकलेली, म्हणजे बराचसा भार जमीनच घ्यायची. जनावराच्या अंगाचा विचार त्यांनीही केला होताच. भुरी सॅक दिसली की स्वतः येऊन मान आत घालते. डोंगरावर सॅक असली की ती वाट सोडून कमी भटकते, हा माझा अनुभव.

उन्हाचं मात्र विसरू नका. कुत्र्याला घाम तळव्यांखेरीज जवळजवळ येत नाही, ते जीभ काढून धापा टाकूनच गार होतं, आणि आपण त्याच्या पाठीवर कापड टाकतोय. होळीनंतर भुरीची सॅक कपाटात जाते. पावसाळ्यात घालते, पण रिकामी, धुक्यात तो केशरी रंग दिसावा एवढ्यासाठीच. ओला पट्टा कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त घासतो. रॉक पॅच, म्हणजे हातापायांनी चढायचा कातळ, आला, ओढा पोहून जायचा आला, की आधी सॅक उतरवायची. सॅकच्या वरची मूठ कुत्र्याला क्षणभर सावरण्यापुरती आहे, तिला धरून टांगून वर ओढायचं नाही. घरी आल्यावर पट्ट्यांच्या खालची जागा बोटांनी चाचपा, गोचीड तिथेच लपतात. आणि अभयारण्यात कुत्रं नेऊच नका, सॅक असो वा नसो.

माझ्याकडे आता दोन मापांच्या सॅक आहेत, भुरीची आणि एक मोठी, चुकून आलेली पण मुद्दाम ठेवून घेतलेली. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात कुणाला विकत घेण्याआधी आपल्या कुत्र्यावर घालून बघायची असेल तर मेसेज करा. रविवारी सकाळी सात ते नऊ आम्ही टेकडीवर असतो. टेप माझ्या खिशात असतेच. कुत्र्याला मात्र उपाशीपोटी आणा, चण्याशिवाय कुणी सरळ उभं राहत नाही.