कंपाउंड वॉल आणि कानावर हात

ठाण्यात दोन सोसायट्यांमधली कंपाउंड वॉल नीट उभी असते तोवर दोघांची असते. या बाजूचे तिला पत्र्याची शेड टेकवतात, त्या बाजूचे केबल आणि पाइप ठोकतात, गणपतीत दोघंही माळा सोडतात. तीच भिंत फुगली की एका रात्रीत शेजारच्यांची होते. आमच्याकडे सध्या हेच चालू आहे. कमिटीने पत्र दिलं, तर उत्तर आलं, "सदर भिंत आपल्या हद्दीत येत असल्याने दुरुस्तीची जबाबदारी आपली राहील." आमच्या सेक्रेटरींनी जवळपास तेच वाक्य परत धाडलं. पावसाळा कोणाच्या पत्रासाठी थांबणार आहे?

माझं म्हणणं असं, की भिंत कोणाची हा नंतरचा प्रश्न. आधी बघा, तिला ढकलतंय कोण.

येऊरच्या डोंगराच्या पायथ्याचे, वर्तकनगर-लोकमान्यनगरकडचे कितीतरी प्लॉट उतारावर आहेत. एक आवार वर, शेजारचं खाली. वरचे पार्किंगसाठी भराव टाकतात, पेव्हर ब्लॉक बसवतात आणि आडोशासाठी बांधलेल्या साध्या विटांच्या भिंतीवर मातीचा लोड येतो. जुलैत ती माती पाणी पिऊन जड होते. पाणी निघून जायला भिंतीत वीप होल असतात, पण खालच्यांच्या गाड्यांवर ओघळ येतात म्हणून रंगकामाच्या वेळी सिमेंटने बुजवून टाकतात! मग ते पाणी जाणार कुठे? आमच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर पांढरा खार फुटलाय, मधोमध पोट सुटलंय, वरच्या भेगेतून पिंपळ डोकावतोय. आणि बरोबर त्याच्याखाली पोरांच्या सायकली लावलेल्या असतात.

जून 2019 मध्ये पुण्याला कोंढव्यात सोसायटीची अशीच संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. 15 जण गेले, त्यात लहान मुलंही होती.

हद्दीचा वाद खरंच असेल तर सिटी सर्व्हेत (नगर भूमापन कार्यालयात) मोजणीचा अर्ज करा. लगतच्या धारकांना नोटीस जाते, सगळ्यांसमोर मोजणी होते, नकाशा हातात येतो. जुनी भिंत हद्दीवरच असेल असं अजिबात नाही. बिल्डरने त्या वेळी सोयीने रेघ ओढलेली असते. गोम एवढीच, की ठाण्यात बऱ्याच सोसायट्यांचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही, प्रॉपर्टी कार्डावर अजून बिल्डर नाहीतर मूळ जमीनमालक. म्हणजे ज्या जमिनीसाठी आपण तावातावाने भांडतोय, ती कागदावर आपली नाहीच. बिल्डरने करून दिलं नाही तरी अर्ज करून जमीन नावावर करून घ्यायची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय 2008 पासून कायद्यात आहे, पण तो विषय एजीएममध्ये (वार्षिक सभेत) निघाला की लोकांना घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.

झाडाचंही तेच. त्यांच्या आंब्याची फांदी आपल्याकडे आली म्हणून परस्पर कोयता चालवू नका. झाडं तोडण्यावर 1975 चा कायदा आहे, आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा.

तर खर्चाची वाटणी माझ्या मते अशी: भराव ज्यांचा, त्यांनी निचऱ्याचा आणि मातीला आधार द्यायचा खर्च उचलावा. उरलेली भिंत निम्मी-निम्मी. आमच्यातल्या एका काकांची शंका रास्त आहे, "पैसे दिले म्हणजे भिंत आपली असं कबूल केल्यासारखं नाही का होणार?" त्यासाठी करारात एक ओळ घाला: 'या खर्चामुळे हद्दीबाबत कोणत्याही पक्षाचा हक्क बाधित होणार नाही.' दोन्ही सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखाली करून घ्या. मोजणी मागाहून झाली तरी चालेल, भिंत मात्र आत्ता हवी.

आमची एजीएम पुढच्या रविवारी आहे. कोणाच्या सोसायटीने शेजाऱ्यांशी असा लेखी करार केला असेल तर मसुदा इनबॉक्समध्ये पाठवा, नावं खोडून पाठवलात तरी चालेल. आणि रविवार होईपर्यंत त्या सायकली तेवढ्या दुसरीकडे लावा, वॉचमनला मी सांगून ठेवलंय.