पाच जुगाड आणि बऱ्हाणपूरचा ऱ

गेल्या पंधरा दिवसांत एकच मजकूर माझ्याकडे सात ग्रुपांतून आला. जळगावच्या कॉम्प्युटरवाल्यांचा ग्रुप, भुसावळच्या माजी विद्यार्थ्यांचा, आणि एक तर चक्क केळी व्यापाऱ्यांचा. त्याचा सारांश असा: फेसबुक-इन्स्टाग्रामच्या एपीआयवर (म्हणजे आपल्या ॲपला त्यांच्याशी बोलू देणाऱ्या सोयीवर) ॲप बनवताना अडलं तर कारण शोधत बसू नका, त्यांच्या एरर कुणाला कळू नयेत म्हणूनच तशा लिहिलेल्या असतात. त्यापेक्षा पाच गोष्टी करा. टोकन, म्हणजे लॉगिननंतर ॲपला मिळणारा प्रवेशाचा पास, नवीन काढा, नाही जमलं तर ॲपच नवीन बनवा. एरर आली की लूपमध्ये टाका, दहादा मारलं की एकदा जातंच. परवानग्या सगळ्या एकदम मागून ठेवा. मराठीनं गोंधळ होतो, तेव्हा मजकूर इंग्रजी अक्षरांत पाठवा. आणि आपल्यासारख्या लहान गावच्यांना फेसबुकची मंजुरी मिळतच नाही, म्हणून मोठ्या शहरातल्या एजंटाला पैसे देऊन मोकळे व्हा.

मी रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्यांची लहानसहान कामं करतो. नवती, पिलबाग, वापसी या केळीच्या प्रकारांचे रोजचे भाव पेजवर टाकायचे, कमेंटमध्ये कुणी भाव विचारला तर आपोआप उत्तर द्यायचं, एवढंच. यातले चार जुगाड मी स्वतः करून बसलोय आणि पाचव्याच्या दारापर्यंत जाऊन आलोय. म्हणून हा खटाटोप.

आधी त्या ‘कळू नयेत म्हणून’वाल्या मुद्द्याचं बघू. फेसबुकचा ग्राफ एपीआय चूक कळवतो तेव्हा नुसतं वाक्य पाठवत नाही. वाक्य असतं, प्रकार असतो, कोड असतो, बहुतेकदा नेमकं कारण सांगणारा सबकोड असतो आणि शेवटी चुकीचा माग काढायला एक ट्रेस आयडी असतो. आपण काय करतो? वाक्य तेवढं स्क्रीनवर छापतो, बाकीचं फेकून देतो आणि मग म्हणतो काही कळत नाही. वाक्य अनेकदा मोघम असतं हे खरं. पण कोड १९० म्हणजे टोकनचा घोळ, १०० म्हणजे पाठवलेल्या माहितीत खोट, १० आणि २०० म्हणजे परवानगी नाही, ४ म्हणजे ॲपची मर्यादा संपली. हे लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, साठवायला एक ओळ पुरते. ती ओळ लिहायला मला दोन वर्षं लागली, ते सोडा.

आता टोकन. लॉगिन केल्यावर मिळतं ते टोकन तास-दोन तासांचं असतं. ते बदलून साधारण साठ दिवसांचं घेता येतं, आणि त्या लांब मुदतीच्या टोकनवरून काढलेल्या पेज टोकनला संपायची तारीखच नसते. म्हणून रोज नवीन टोकन काढणाऱ्यानं आपण मधली पायरी गाळली का, हे आधी बघावं. पण तारीख नाही म्हणजे ते मरतच नाही असं नव्हे. माझ्या एका गिऱ्हाइकाचं पेज दर दोन-तीन आठवड्यांनी बंद पडायचं. मी दर वेळी जायचो, शेठच्या मोबाइलवर लॉगिन करून नवीन टोकन काढायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा सबकोड पाहिला: ४६०. म्हणजे पासवर्ड बदललाय. ४६३ असता तर मुदत संपलेली, ४५८ असता तर वापरणाऱ्यानं ॲपच काढून टाकलेलं. शेठला विचारलं तर त्यांना काही माहीत नाही. गल्ल्यावर बसणारा पुतण्या मात्र हसायला लागला. काकांचा पासवर्ड तो सारखा विसरायचा आणि दर वेळी ‘फरगॉट’ करून नवीन ठेवायचा. टोकन पुतण्यापाशी मरत होतं, मी कोडमध्ये शोधत होतो. पेजचं व्यवस्थापन दुसऱ्या खात्याकडे दिलं आणि माझा तिथला चहा बंद झाला.

ॲपच नवीन बनवायचा सल्ला तर नुकसानीचाच आहे. २०१४ मध्ये ग्राफ एपीआयची दुसरी आवृत्ती आली तेव्हापासून वापरणाऱ्याचा आयडी ॲपगणिक वेगळा मिळतो. तोच माणूस नव्या ॲपमध्ये वेगळ्या आकड्यानं येतो. तुमच्या डेटाबेसात जुन्या आयडीवर बांधलेली गिऱ्हाइकं एका रात्रीत अनोळखी होतात, आणि जुन्या ॲपला मिळालेल्या मंजुऱ्या नव्याला चालत नाहीत.

लूपचा सल्ला वाचून मला माझाच एक पराक्रम आठवला. भाव टाकताना नेट गेलं की उत्तर यायचं नाही, म्हणून मी पाच वेळा पुन्हा पाठवायची सोय केली होती. पण उत्तर आलं नाही म्हणजे पोस्ट पडली नाही असं थोडंच असतं? पोस्ट पडलेली असायची, फक्त पोच माझ्यापर्यंत यायची नाही. दुसऱ्या वेळी फेसबुक ५०६ द्यायचं, म्हणजे हाच मजकूर आत्ताच टाकलाय. तो मला अडथळा वाटला, म्हणून मी शहाणपणा करून मजकुराच्या शेवटी वेळ चिकटवली, सेकंदासकट. आता मजकूर दर वेळी वेगळा. त्या दिवशी नवतीचा भाव पेजवर सहा वेळा झळकला आणि खाली एका शेतकऱ्याची कमेंट: ‘दर मिनिटाले भाव बदली राह्यना का?’

सगळ्याच एररना पुन्हा पाठवणं चुकीचं आहे असं नाही. कोड १ आणि २ तात्पुरत्या बिघाडाचे असतात, तिथं थोडं थांबून पुन्हा मारा. ४, १७, ३२ या मर्यादेच्या एरर, तिथं नुसतं थांबा. मर्यादा संपल्यावरही कॉल चालू ठेवले तर तेही मोजले जातात आणि सुटकेची वेळ लांबते, हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. ॲपची मर्यादा तासाला दोनशे गुणिले वापरणारे अशी धरतात. दोन माणसं वापरत असतील तर चारशे. दर पाच सेकंदाला नव्या कमेंट तपासणारा लूप तासाला सातशे वीस कॉल करतो, म्हणजे अर्ध्या तासाच्या थोडं पुढे गेलं की खेळ खल्लास. उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे सोबत येणाऱ्या वरच्या माहितीत, किती टक्के वापर झाला तेही येतं. आणि १९०, १०, २००, १०० यांना हजारदा पाठवलंत तरी हजारदा तेच उत्तर. चुकीची किल्ली जोरानं फिरवून कुलूप उघडत नाही.

इथं त्या मजकुराचं एक खरं मानायला हवं: कधी कधी दोष खरोखर पलीकडेच असतो. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊच्या सुमारापासून फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळंच सहा तास झोपलं होतं. त्या रात्री ज्यांनी आपला कोड उसवला त्यांनी सकाळी पुन्हा शिवला असेल. काही दरवाजे तर कायमचेच बंद झाले. लोकांची फेसबुकवरची माहिती परस्पर वापरल्याच्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणानंतर २०१८ मध्ये फेसबुकनं माणसाच्या प्रोफाइलवर ॲपनं परस्पर पोस्ट टाकायची परवानगी काढून घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरनं फुकटचा एपीआय बंद करत असल्याचं जेमतेम आठवडाभर आधी सांगितलं, मग मुदत पुढे ढकलली. इन्स्टाग्रामचा बेसिक डिस्प्ले एपीआय ४ डिसेंबर २०२४ ला संपला. या तिन्ही ठिकाणी टोकन, लूप, नवीन ॲप यांतलं काहीच कामाचं नव्हतं. कामाचं होतं ते कंपनीचं बदल कळवणारं पान. महिन्यातून एकदा ते उघडलं तरी बहुतेकदा पुरतं.

परवानग्या एकदम मागण्याबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक परवानगीसाठी ती कुठे वापरली ते व्हिडिओ काढून दाखवावं लागतं. वापरतच नसाल तर दाखवणार काय? एका न वापरलेल्या परवानगीपायी अर्ज परत येतो आणि पुन्हा पहिल्यापासून ताटकळत बसायचं.

मराठीचा मुद्दा मात्र मला झोंबला. ‘केळी’ इंग्रजी अक्षरांत लिहून बघा. ती ‘केली’ही होते. खान्देशात राहून ळ सोडायचा म्हणजे जळगावच सोडायचं.

गंमत अशी की असे सल्ले देणाऱ्यांना खरोखर काहीतरी दिसलेलं असतं. इंग्रजी कमेंट आली की वेबहुक (कमेंट पडताच फेसबुक आपल्या सर्व्हरला धाडतं तो निरोप) चालतो, मराठी आली की सही जुळत नाही. मलाही हेच दिसलं होतं. निरोप आपलाच आहे हे पटावं म्हणून फेसबुक प्रत्येक वेबहुकसोबत तुमच्या ॲपच्या गुपित किल्लीनं काढलेली सही पाठवतं. ही सही ज्या मजकुरावर काढलेली असते त्यात मराठी अक्षरं अक्षरं म्हणून नसतातच, प्रत्येकाच्या जागी तिरकी रेघ, यू आणि चार आकडी संकेत असतो. ‘केळी’ म्हणजे असे चार संकेत: क, एक मात्रा, ळ, दुसरी मात्रा. आपण काय करतो, आलेला मजकूर आधी उलगडतो, तिथं संकेतांची छान देवनागरी होते, मग तीच पुन्हा बांधून तिच्यावर सही काढतो. जावास्क्रिप्ट बांधताना संकेत परत घालत नाही. सही जुळणार कशी? इंग्रजी अक्षरांना संकेत लागत नाहीत, म्हणून साध्या इंग्रजी कमेंट निसटतात. उपाय दोन ओळींचा: उलगडायच्या आधी जसा मजकूर आला तशाच बाइट्सवर सही तपासा.

दुसरा प्रकार डेटाबेसचा. मायएसक्यूएल या डेटाबेसमधली अक्षरं साठवायची जुनी पद्धत, यूटीएफएट, एका अक्षराला तीनच बाइट देते. देवनागरीला तीन पुरतात. पण आपल्याकडे ‘भाव काय शे’ विचारून झालं की माणूस हात जोडलेली इमोजी टाकतोच, आणि तिला चार लागतात. नोंद फसते, आपला सर्व्हर ५०० (आत बिघाड) असं उत्तर देतो, पोच नाही म्हणून फेसबुक तीच कमेंट परत परत पाठवत राहतं. लॉगमध्ये मराठी दिसते म्हणून बदनाम होते मराठी. टेबल यूटीएफएट-एमबीफोर करा, बस.

आणि मग शेजारच्या मध्य प्रदेशातलं केळीचं मार्केट, बऱ्हाणपूर. भावाची चौकशी करताना लोक तिथला भाव विचारणारच, म्हणून कमेंटमध्ये ‘बऱ्हाणपूर’ शब्द दिसला की तिथला भाव द्यायचा असं मी ठेवलं होतं. काही जणांना उत्तर मिळायचं, काही जणांना नाही. दोन्ही कमेंट शेजारी ठेवल्या, डोळ्यांना काडीचा फरक नाही. वैतागून एकेका अक्षराचा संकेत छापला तेव्हा उलगडलं. आपला तो भुवईसारखा वाकडा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. काही साधा र घेतात, त्याचा पाय मोडतात आणि पुढे एक न दिसणारा जोडक घालतात. पडद्यावर एकच रूप, आत वेगळे आकडे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणारी पद्धत; एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायचं तिचं नेहमीचं सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही, तुलना करण्याआधी आपणच एक रूप ठरवून दुसरं त्यात बदलावं लागतं. ते केल्यावर ‘तऱ्हा’, ‘व्यापाऱ्या’, ‘शेतकऱ्या’ सगळे एका फटक्यात सरळ झाले. इंग्रजी अक्षरांत लिहिलं असतं तर हा प्रश्न आला नसता, कबूल. पण मग लोकांनी बऱ्हाणपूरचं स्पेलिंग किती तऱ्हांनी केलं असतं ते कोण मोजत बसणार!

राहिला मंजुरीचा मुद्दा. पहिली गोष्ट, तुमचं ॲप फक्त तुमच्याच पेजवर चालणार असेल आणि ते चालवणाऱ्या सगळ्यांना ॲपमध्ये भूमिका दिलेली असेल, तर बहुतेक कामांना मंजुरी लागतच नाही. आपल्याकडच्या दुकानदारांची बरीच कामं याच जातीची. ॲप डेव्हलपमेंटमधून (चाचणीच्या अवस्थेतून) लाइव्हवर मात्र न्यावं लागतं, नाहीतर पोस्ट तुम्हाला दिसते आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही. ‘शेठ, बघा, आहे ना पोस्ट’ म्हणत मी माझा मोबाइल पुढे केलाय आणि शेठनं त्यांचा. दोघंही खरं बोलत होतो.

दुसरी गोष्ट, अर्ज परत येतात ते गाव बघून नव्हे. व्यवसायाची खातरजमा करताना नाव-पत्ता कागदाशी जुळावा लागतो. भुसावळचं इंग्रजी स्पेलिंग घ्या, कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. जीएसटीच्या कागदावर एक आणि अर्जात दुसरं असलं की तपासणाऱ्याला तो वेगळाच पत्ता वाटू शकतो. एजंटही शेवटी हेच दुरुस्त करतो आणि हजारो रुपये घेतो. वर तुमच्या ॲपची गुपित किल्ली त्याच्याकडे जाते ती वेगळीच.

परवा यावलकडच्या एका पोराचा मेसेज आला. दोनदा अर्ज परत आलेला, घरचे म्हणतात एजंटला देऊन टाक. ‘भाऊ, आते काय करू?’ मी म्हटलं, नकाराचं पत्र पूर्ण पाठव. त्यानं पहिल्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठवला. म्हटलं, पूर्ण. मग खालचं आलं: तपासणाऱ्याला तुमच्या ॲपमध्ये लॉगिनच करता आलं नाही. त्यानं चाचणीसाठी दिलेल्या खात्याला ओटीपी लावलेला होता आणि तो ओटीपी जात होता त्याच्या आजीच्या मोबाइलवर. आजीला वाटलं बँकवाले फसवायला फोन करतायत, म्हणून तिनं मेसेज पुसून टाकले. काल त्यानं ओटीपी नसलेलं खातं देऊन तिसऱ्यांदा अर्ज केलाय. उत्तर अजून आलेलं नाही.