फुकट मॅच बघण्याचा हक्क छत्रीवर अडकलाय

भारताची मॅच असली की टॉसच्या आधी सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. "लिंक आहे का कुणाकडे?" मग कुणी टेलिग्रामचं चॅनेल टाकतं, कुणी कसलंतरी एपीके (प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं अ‍ॅप) चिकटवतं, आणि एखादे सद्गृहस्थ "दीडशे रुपये भरा की रे, कसली ही फुकटेगिरी" म्हणून सुनावून जातात. लिंक मागणाऱ्या पोरांपेक्षा मला या सद्गृहस्थांचाच राग जास्त येतो. कारण भारताची मॅच फुकट बघायला मिळावी ही काही पोरांची हावरट मागणी नाही. तसा कायदा या देशात २००७ पासून आहे. फक्त तो घरावरच्या डिशच्या छत्रीपाशी येऊन थांबलाय, मोबाइलपर्यंत पोचलेला नाही.

आधी आयपीएल बाजूला ठेवू, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. २०२२ चा फुटबॉल वर्ल्डकप जिओसिनेमाने फुकट दाखवला. मग २०२३ आणि २०२४ ची आयपीएलसुद्धा फुकट. त्यांना टक्कर द्यायची म्हणून हॉटस्टारने २०२३ चा आशिया कप आणि वर्ल्डकप मोबाइलवर फुकट केला. १९ नोव्हेंबरला अहमदाबादच्या फायनलला एकाच वेळी ५ कोटी ९० लाख लोक त्या अ‍ॅपवर होते. (ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने आपल्याला हरवून त्यातल्या किती जणांचं जेवण घालवलं, त्याचा आकडा कुणी काढला नाही.) आपल्याला वाटलं, आता हे असंच चालणार. पण आयपीएलच्या नुसत्या डिजिटल हक्कांसाठी पाच वर्षांचे २३,७५८ कोटी मोजलेला माणूस अन्नछत्र उघडून बसलेला नसतो. दोघे भांडत होते तोवर आपली चैन होती. दोघे एक झाले, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार आलं, आणि मोबाइलपुरते तीन महिन्यांचे १४९ रुपये सुरू झाले.

यात मला अन्याय दिसत नाही. आयपीएल हा खासगी धंदा आहे, तिकीट लावा नाहीतर लावू नका. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांची जी सरकारी यादी आहे, तिच्यात आयपीएल नाहीच. पण भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्या यादीत आहेत. ऑलिंपिक आहे, आशियाई स्पर्धा आहेत. माझं भांडण एवढ्यापुरतंच.

हा कायदा आला कसा, त्यात आपल्या नागपूरचा वाटा आहे. २१ जानेवारी २००७, वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतला पहिला वनडे. सौरव गांगुलीचं पुनरागमन, त्याच्या ९८ धावा, समोरून चंदरपॉलचे नाबाद १४९, आणि आपण जेमतेम १४ धावांनी जिंकलो. इतका भारी सामना, आणि दूरदर्शनवर तो थेट दिसलाच नाही. हक्क निम्बस कंपनीकडे होते, ती सिग्नल द्यायला तयार नव्हती. केबल नसलेल्या घरांनी काय करायचं? रेडिओ लावायचा. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि पुढचे सामने सात मिनिटं उशिराने दाखवायची तोड निघाली. सात मिनिटं! तेवढ्यात दोन विकेट पडून जातात. लोक भडकले, फेब्रुवारीत सरकारने अध्यादेश काढला आणि त्याचाच पुढे कायदा झाला. यादीतला सामना दाखवायचा असेल तर त्याचा थेट सिग्नल, स्वतःच्या जाहिराती काढून, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावाच लागेल. दूरदर्शनला त्यावर जाहिरातींचं जे उत्पन्न मिळेल त्यातला ७५ टक्के वाटा हक्कवाल्या कंपनीचा. म्हणजे कंपनीला कुणी लुबाडलेलंही नाही.

यामागचा विचार तर त्याहून जुना आहे. १९९३ च्या हीरो कपच्या वेळी दूरदर्शन आणि क्रिकेट संघटनेचं असंच फाटलं होतं. तेव्हा मक्तेदारी सरकारची होती, दूरदर्शनशिवाय कुणी प्रक्षेपण करायचंच नाही असा त्यांचा थाट. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर कुणा एकाची मक्तेदारी चालणार नाही. तो निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आज मक्तेदारीची बाजू बदलली आहे, एवढाच फरक.

मग घोडं अडलं कुठे? कायद्याच्या तिसऱ्या कलमात दोनच रस्ते लिहिलेत. एक, दूरदर्शनचे जमिनीवरचे ट्रान्समीटर. दोन, त्यांची डीटीएच सेवा (उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर), म्हणजे डीडी फ्री डिश. त्यातले जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बहुतेक सगळे बंद झाले, त्यामुळे कौलावरची ती काटेरी अँटेना आता कावळ्यांपुरती उरली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काटेकोर अर्थ लावला आणि सांगितलं, हा सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या याच दोन रस्त्यांवर वापरायचा, केबलवाल्यांना द्यायचा नाही. म्हणून केबलवर दूरदर्शन लावलं तरी मॅचच्या वेळी तिथे भलतंच काहीतरी चालू असतं. उरली फ्री डिश.

फ्री डिशला शहरातले लोक नाकं मुरडतात. गावाकडे, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या टोळ्यांत, बांधकामाच्या साइटवर विचारा. एकदा दीड-दोन हजार घालून छत्री आणि बॉक्स बसवला की महिन्याचं बिल नाही, रिचार्ज संपला म्हणून ऐन शेवटच्या ओव्हरला पडदा काळा होणं नाही. महाराष्ट्रात छत्रीचं तोंड आग्नेयेकडे करायचं आणि त्या दिशेला झाड किंवा शेजाऱ्याची टाकी येत नाही ना तेवढं बघायचं. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांना तर मी हेच सांगतो. शिवाय मोबाइलवर मॅच अर्धा-अर्धा मिनिट मागे चालते, पलीकडच्या घरातला ओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर बोलर अजून रनअपच घेत असतो. छत्रीवर तो त्रास फार कमी.

पण भाड्याच्या खोलीत तिघांत राहणाऱ्या पोराने छत्री लावायची कुठे? सोसायटी खिडकीबाहेर टॉवेल वाळत घालू देत नाही. त्याच्याकडे टीव्हीच नाही, आहे तो फोन. २००७ साली फोनवर मॅच ही कल्पनाच नव्हती, म्हणून कायद्यात ती आली नाही, हे समजू शकतो. त्यानंतर इतकी वर्षं कुणाला ती घालावीशी वाटली नाही, हे नाही समजत.

आता त्या लिंकांबद्दल. पोरांनो, मी चोरीवर प्रवचन देणार नाही, पण त्या एपीकेंच्या नादी लागू नका. मॅच दाखवायला अ‍ॅपला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी कशाला लागते? ओटीपी तिथेच येतात. आणि स्क्रीनच्या चारही बाजूंनी सट्ट्याच्या जाहिराती नाचत असतात, त्याच तर त्यांच्या धंद्याचा पाया आहेत. दिल्ली उच्च न्यायालय मोठ्या स्पर्धांआधी अशा साइट बंद करायचे आदेश देतं, दुसऱ्या दिवशी त्या नाव बदलून परत उगवतात.

आणि फुकट लाइव्ह दाखवणं परवडतच नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला यूट्यूबवर सांगली-साताऱ्याकडचं एखादं कुस्तीचं मैदान लावून द्यावं. हलगी कडाडतेय, निवेदक पैलवानाच्या वस्तादापासून आजोबांपर्यंत सगळी कुंडली सांगतोय, शेवटची मोठी जोड लागायला अंधार पडतो तरी हजारो माणसं फोनवर चिकटून. बैलगाड्यांच्या शर्यतींचं तसंच. २०१४ ची बंदी, डिसेंबर २०२१ ची सशर्त परवानगी, मे २०२३ चा अंतिम निकाल, आणि त्यानंतर शर्यतीच्या घाटाघाटांतून ड्रोन उडवून लाइव्ह. टेनिस बॉलच्या स्पर्धा तर रात्र-रात्र चालतात आणि कोकणातला माणूस त्या आखातात बसून बघतो. गावातली चार पोरं, दोन-तीन कॅमेरे, कोपऱ्यात स्थानिक सराफाची किंवा ट्रॅक्टरच्या शोरूमची जाहिरात. कुणाकडे सबस्क्रिप्शन मागत नाहीत. हिशेब लहान आहे हे मान्य, पण जाहिरातीवर खेळ दाखवता येतो हे त्यांनी सिद्ध केलंय.

परदेशात हे प्रश्न सुटत आलेत. ब्रिटनमध्ये फुटबॉल वर्ल्डकप, ऑलिंपिक, विंबल्डनची फायनल अशांची यादी आहे, त्यांचे थेट हक्क फुकट वाहिन्यांना घ्यायची संधी द्यावीच लागते. २०२४ च्या नव्या कायद्याने त्यांनी ऑनलाइनची पळवाटही बुजवली. ऑस्ट्रेलियानेही त्याच वर्षी तेच केलं. क्रिकेटच्या बाबतीत मात्र इंग्लंडने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. २००५ च्या अ‍ॅशेसनंतर घरच्या कसोट्या स्काय या पैसेवाल्या वाहिनीवर गेल्या आणि तिथल्या पोरांना क्रिकेट दिसेनासं झालं. २०१९ मध्ये ते वर्ल्डकपच्या फायनलला पोचले, तेव्हा स्कायने ती मॅच चॅनेल फोरवर फुकट दाखवू दिली. म्हणजे ज्यांनी पैसे मोजले त्यांनाही कळत होतं की अशा दिवशी दार बंद ठेवता येत नाही.

आपल्याकडे तर नवीन काही उभारायचीही गरज नाही. प्रसार भारतीचं स्वतःचं वेव्हज नावाचं अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये पणजीला इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालंय, दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर फुकट दिसतात. २००७ चा कायदा त्या अ‍ॅपला मॅचचा सिग्नल मिळवून देत नाही, अडचण एवढीच आहे. ७५ टक्क्यांची वाटणी तीच ठेवा, यादी तीच ठेवा, आयपीएलला हात लावू नका. तिसऱ्या कलमात ट्रान्समीटर आणि डीटीएचच्या शेजारी प्रसार भारतीचं स्वतःचं अ‍ॅप लिहा. तुमच्या खासदाराच्या पेजवर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली जागा असेल तर हे नक्की टाका, मी आमच्या खासदारांच्या पेजवर टाकलंय.