आजीबाईच्या बटव्यातल्या तीन डिस्क

मेलिओइडोसिस या माती-चिखलातल्या जंतूमुळे होणाऱ्या आजारावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. नाव नाही, पण ‘मी स्वतः एमडी आहे’ हे दोनदा आहे. म्हणणं थोडक्यात असं: शोधाचं श्रेय देताना मी कृष्णस्वामींना गाळलं, हा जंतू वाढवलेल्या प्लेटला ओल्या मातीचा वास येतो हे लिहिणं धोक्याचं, गोव्यातल्या रुग्णांचे आकडे न देता शेतकऱ्यांना भिववलं, आणि ‘माल्डी-टॉफच्या काळात डिस्क लावून जंतू ओळखणं म्हणजे आजीबाईचा बटवा!’ (माल्डी-टॉफ हे जंतू ओळखणारं यंत्र. डिस्क म्हणजे अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कागदी चकत्या; अशा तीन चकत्यांवरून या जंतूचा संशय घेता येतो, असं मी लिहिलं होतं.)

पहिलं मान्य. १९१२ साली रंगूनहून या आजाराचं वर्णन प्रसिद्ध झालं ते व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोघांच्या नावाने. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता बटवा. डॉक्टर, मी आजी आहेच, दोन नातवंडांची, आणि हे तुम्ही माझी ओळख वाचून लिहिलंत हे न कळण्याइतकी म्हातारी झालेले नाही. लिहिणारा पुरुष असता तर ‘आजोबांचा बटवा’ म्हटलं असतंत का? मतभेद असावेत, पण अठ्ठावीस वर्षं लॅबच्या बेंचवर उभं राहिलेल्या बाईशी कसं बोलावं हे एमडीला शिकवत नसतील तर घरी तरी शिकवतात.

त्या अठ्ठावीस वर्षांतला एक पावसाळा सांगते. सत्तरीतला भातशेती करणारा माणूस, मधुमेही, ताप जात नव्हता. चार महिने टीबीची औषधं घेऊन झालेली. मांडीतल्या गळूचा पू आमच्याकडे आला. दुसऱ्या दिवशी ब्लड आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या प्लेटवर, जंतूंच्या गुळगुळीत, सायीच्या रंगाच्या कॉलनी. ऑक्सिडेज ही झटपट चाचणी पॉझिटिव्ह. नव्या मुलीने वहीत ‘स्युडोमोनास’, हे नेहमी भेटणाऱ्या जंतूचं नाव, लिहूनही टाकलं. आमच्या यंत्राने नाव दिलं ‘बर्खोल्डेरिया सेपासिया’, वर नव्व्याण्णव टक्के खात्री. रिपोर्ट तसाच जायचा.

मी सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे कुठलं औषध लागू पडतं ते बघायची प्लेट उचलून उजेडात धरली. जेंटामायसिनच्या डिस्कला खेटून वाढ, म्हणजे औषधाला दाद नाही. कोलिस्टिनलाही तेच. आणि अमॉक्सी-क्लॅवभोवती स्वच्छ, रुंद झोन, जंतू वाढलेच नाहीत असं वर्तुळ! नेहमीचा स्युडोमोनास अमॉक्सी-क्लॅवला भीक घालत नाही, सेपासियाही सहसा नाही. मग हा कोण? ग्रॅम स्टेन पुन्हा पाहिला तर दोन्ही टोकं रंगलेली, मधे रिकामं, सेफ्टी पिनेसारखं. प्लेट बंद करून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याच गुळगुळीत कॉलनींना उन्हात वाळवलेल्या कोकमाच्या सोलांसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. नमुना पुढे मोठ्या लॅबला गेला आणि उत्तर आलं, बर्खोल्डेरिया स्युडोमॅलाय, म्हणजे मेलिओइडोसिसचाच जंतू. मग सेफ्टाझिडिम शिरेतून, आणि पुढे कित्येक महिने को-ट्रायमॉक्साझोल. टीबीच्या गोळ्यांनी याला काहीही होणार नव्हतं. (एका रुग्णावरून काय ठरतं, असं तुम्ही म्हणणारच. तो एक रुग्ण त्याच्या बायकोला पुरेसा होता.)

माल्डी-टॉफला मी नावं ठेवलेली नाहीत, तुम्ही लेख नीट वाचलेला नाही. ते यंत्र जंतूच्या प्रथिनांचा ठसा आपल्या संग्रहातल्या ठशांशी जुळवतं. संग्रहात नसलेलं नाव ते आणणार कुठून? स्युडोमॅलाय जैविक अस्त्र ठरू शकणाऱ्या जंतूंत मोडतो, म्हणून काही ठिकाणी त्याचा ठसा नेहमीच्या संग्रहात नसतो, वेगळ्या संचात असतो. मग यंत्र शेजाऱ्याचं नाव सांगतं, थायलँडेन्सिस, जो माणसाला फारसा त्रास देत नाही. अशा वेळी संशय कुणाला यायचा? बेंचवरच्याला. आणि गोव्यातल्या डिचोली-वाळपईच्या कुठल्या लहान लॅबमध्ये हे यंत्र आहे तेही सांगा, मी बघायला येते. तीन डिस्क मात्र तिथेही मिळतात. या डिस्कनी शेवटचं नाव ठरत नाही, संशय ठरतो, असंच मी लिहिलं होतं. मलेशियातल्या सारावाकमधले या जंतूचे काही स्ट्रेन जेंटामायसिनला मरतात, तेही ठाऊक आहे मला. म्हणूनच एक डिस्क नाही, तीन.

वासाचं: मी ‘येतो’ लिहिलं, ‘घ्या’ नाही. प्लेटला नाक लावू नये आणि संशय आला की काम सेफ्टी कॅबिनेटमध्येच करावं, हे मी मुलींना पहिल्या दिवशी सांगत असे. आकड्यांचं: सेपासिया म्हणून रिपोर्ट गेलेले रुग्ण कुठल्या रकान्यात मोजायचे ते आधी सांगा. शेतकऱ्यांचं: मधुमेह असेल, पायाला जखम असेल तर लावणीच्या चिखलात गमबूट घालून उतरा, यात भिववण्यासारखं काय आहे, मला कळलेलं नाही.

बाकी, प्रतिक्रियेत तुम्ही ‘सेफ्टाझिडाइन’ लिहिलं आहे. ते मी दुरुस्त केलेलं नाही, जसंच्या तसं ठेवलं आहे.