तहसीलदाराची बंदूक आणि तुमच्या आजोबांची वही

नमस्कार काका,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडा कमी. तुमचं म्हणणं असं, की नरभक्षक वाघ मारणाऱ्या जिम कॉर्बेटसारख्या शिकाऱ्याची फजिती मी चघळत बसलो, शिकाऱ्याने आपले फुकट गेलेले बार चव्हाट्यावर मांडायचे नसतात, आणि तुमच्या आजोबांनी दापोलीकडे आयुष्यभर रानडुकरं मारली पण एकही बार वाया घालवला नाही.

लेखाचा सूर टवाळ झाला होता, हे कबूल. कुमाऊँमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा प्रसंग मी गंमत म्हणून सांगितला आणि तिथेच चुकलो. पण चव्हाट्यावर मी काही मांडलेलं नाही हो. 1907 सालची ती गोष्ट कॉर्बेटनेच लिहून 1944 मध्ये छापली. सोबत मोजून तीन काडतुसं नेली, ती संपली आणि वाघीण अजून जिवंत, असं तोच सांगतो. मग धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक आणली, तर तिची नळी आणि मागचा भाग यांत ही एवढी फट! वीसेक फुटांवरून वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला. ती त्याने नंतर नखांनी उकरून काढली. वाघीण आधीच्या जखमांनी मेली, म्हणून तो वाचला. हे लिहिलं नसतं तर कोणाला कळणार होतं?

आता जे मी मूळ लेखात एका ओळीत उरकलं, ते सांगतो. त्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. नेहमीचं सावज धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. 436 माणसं, काका. कोणीतरी कधीतरी चाप ओढला, नेम चुकला, जखमी जनावराचा माग काढायचा कंटाळा केला किंवा भीती वाटली, आणि घरी जाऊन गप्प बसला. तो कोण होता, हे आजही कोणाला माहीत नाही. त्याचीही ख्याती कदाचित ‘याचा बार कधी फुकट जात नाही’ अशीच असेल.

सगळेच नरभक्षक गोळीने होत नाहीत, हेही खरं. मुक्तेश्वरच्या वाघिणीला साळिंदराने जायबंदी केलं होतं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याहून कडक आहे. मोहन नावाच्या गावच्या नरभक्षक वाघाला झोपेत मारलं, त्याला उठवून संधी द्यायला हवी होती, अशी खंत कॉर्बेट करतो. ती मला पटत नाही. गावात माणसं मरतायत आणि याला खेळाच्या नियमांची चिंता! ती कबुली म्हणजे साहेबी थाट.

बाकी कबुली न देण्याचा नमुना हवा तर डिक चेनी बघा. फेब्रुवारी 2006 मध्ये टेक्सासात लाव्यांच्या शिकारीत अमेरिकेच्या या उपाध्यक्षाने 78 वर्षांच्या सोबत्याच्या तोंडावर-छातीवर छर्रे उडवले. बातमी दुसऱ्या दिवशी फुटली, तीही रँचच्या मालकिणीकडून. हे महाशय ‘चाप मीच ओढला’ म्हणायला चार दिवसांनी टीव्हीवर आले. आणि दवाखान्यातून बाहेर पडल्यावर दिलगिरी कोणी व्यक्त केली? छर्रे खाल्लेल्या म्हाताऱ्याने, चेनींना फार त्रास झाला म्हणून!

तुमच्या आजोबांबद्दल मी वावगं बोलणार नाही. पण त्यांची शिकारीची वही अजून घरात आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ‘बार काढला, रक्त दिसलं, जनावर मिळालं नाही’ असं तिच्यात कुठे आहे का, एकदा बघाल? सापडलं तर कळवा, मला ते पान वाचायचंय.