कागदावर नसलेला प्रश्न

आज संध्याकाळी भाचीचा फोन आला. तिच्या नवऱ्याचा गुडघा कबड्डीत चढाई करताना वळला, एसीएल म्हणजे गुडघ्यातले अस्थिबंधन तुटले, शस्त्रक्रियेला पाच आठवडे झाले आहेत आणि लग्नाला सात महिने. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून तिने आवाज खाली नेला आणि विचारले, "मावशी, आम्ही जवळ आलो तर ह्यांच्या गुडघ्याला काही होईल का?"

तेव्हापासून मला राग आवरत नाही, कारण अकरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या अशाच शस्त्रक्रियेनंतर हाच प्रश्न घेऊन मी डॉक्टरांसमोर उभी होते. कुबड्या कधी सोडायच्या, जिना कधी चढायचा, दुचाकी कधी चालवायची, नऊ महिन्यांच्या आत मैदानात का उतरायचे नाही, हे सारे त्यांच्या कागदावर होते. मी धीर करून विचारले, तेव्हा त्यांनी माझ्या सासऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "खेळाडूने आता संयम ठेवावा." आमच्याकडे तालमीत लंगोटाचा पक्का असणे हेच भूषण मानतात, त्यामुळे त्यावर कोणी काही बोललेच नाही.

आम्ही पाच महिने संयम ठेवला. आपण निकामी झालो असे ह्यांना वाटत होते आणि मी नकोशी झाले असे मला वाटत होते, आणि दोघांनीही ते एकमेकांना सांगितले नाही. जखम भरली आणि वेदना सोसवत असली की सहसा हरकत नसते, फक्त त्या गुडघ्यावर टेकायचे नाही, भार आणि पीळ येऊ द्यायचा नाही. एवढी दोन वाक्ये आम्हाला हवी होती.

ती पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितली. मान्य आहे, ओपीडीत रांग असते आणि सासऱ्यांसमोर हे बोलता येत नाही. पण सासऱ्यांना दोन मिनिटे बाहेर बसवता येते, त्या बाईंनी तेच केले. गोळ्या, झोप, जेवण सगळे विचारल्यावर कळले की वजन वाढेल या भीतीने ह्यांनी जेवण निम्म्यावर आणले होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली खेळाडूला गरजेपेक्षा कमी खाल्ल्याने येणाऱ्या याच ऊर्जेच्या तुटीला 'रेड-एस' हे नाव दिले. तिच्यामुळे लैंगिक संप्रेरके घटतात, इच्छा मावळते, हाडेही कमजोर होतात. अफूवर्गातील वेदनाशामके दीर्घकाळ घेतली तर टेस्टोस्टेरॉन आणखी उतरते. म्हणजे ज्याला आम्ही मनाचा दुरावा समजत होतो, त्यात ताटाचा आणि गोळ्यांचाही वाटा होता.

आणि जखमी खेळाडू मुलगी असेल तर? तिची पाळी थांबली तर "खेळणाऱ्यांचे असेच असते" म्हणून सोडून देतात. ती इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळी घेत असेल आणि पाय दीर्घकाळ हलणार नसेल, तर रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे विचारायचे तरी कोणी? संकोचापायी जिवाशी खेळ होतो, याची मला अतिशय चीड येते.

भाचीला मी मला ठाऊक होते ते सगळे सांगितले आणि पुढच्या तपासणीला दोघांनी मिळून विचारा, असेही सांगितले. हे शेजारीच बसून ऐकत होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, "जावईबापूंना दे" म्हणाले आणि ओसरीवर गेले. अर्धा तास होऊन गेला, ते अजून बोलत आहेत.